मेरी खोली है

सकाळी डबे भरत होते तेव्हा मुन्नाचा फोन आला. मुन्ना म्हणजे दुर्गाआत्याच्या शेजारचा दुकानदार, नळ आणि पाइप विकणारा. "आंटीजी, अम्मा शटर नहीं उठा रही हैं," तो म्हणाला. मी विचारलं, हाक मारलीस का? "मारी. दो बार मारी. गाली भी नहीं दे रहीं…" तेवढ्यावरून मला कळलं. मी गॅस बंद केला, डबे तसेच ठेवले आणि हाताशी आलेल्या कागदावर लिहायला लागले: अनंतला बँकेत फोन, डॉक्टर, गुरुजी, तुळस, गंगाजल. काशीत राहून गंगाजल लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं. माझी ही सवय आहे. इतरांच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा माझ्या हातात पेन येतं. दुर्गाआत्या यावरून मला यादीबाई म्हणायची. "शैले, तू मेलीस तर यमाची पंचाईत होईल बघ. तू त्याला बसवून विचारशील, माझ्या आधी कोण, माझ्या मागे कोण, आणि रेड्याला पाणी दाखवलं का."

त्याला आता काही आठवडे झाले. ती अनंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आत्या. समोर मी तिला अहोजाहो करत असे. इथे ‘ती’ लिहिते आहे, कारण मनात मी तिला कायम एकेरीच बोलावलं, आणि बहुतेक वेळा रागाने. माझं तिच्यावर फार प्रेम होतं असं लिहिणार नाही. ते खरं नाही, आणि तिने वाचलं असतं तर म्हणाली असती, "मेल्यावर साखर पेरतेस? जिवंतपणी चहात घालायची होतीस."

काशीयात्रा करून गेलेल्या वाचकांपैकी काही जण तिच्या हातचं जेवले असतील. दूधविनायकाजवळच्या एका गल्लीत अरुंद दाराशी पाटी होती, ‘येथे मराठी जेवण मिळेल’. दशाश्वमेधावर विधी उरकलेली माणसं भुकेने व्याकूळ होऊन विचारत विचारत तिथे यायची. वरण-भात, पिठलं, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. जेवण चांगलं असायचं आणि बोलणं तोंडात मिरची ठेवल्यासारखं. एकदा एका गृहस्थांनी भातावर पिळायला लिंबू मागितलं. आत्या वाढता वाढता म्हणाली, "आत्ता पितरांना पिंड देऊन आलात ना? त्यांनी मागितलं होतं का लिंबू?" गृहस्थ मुकाट्याने जेवले. जाताना पाया पडले. तिने पाय मागे घेतले नाहीत.

ती एकच खोली होती, हे या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवायला हवं. शेवटची पंगत उठली की आत्या पाणी मारून फरशी पुसायची, पाट भिंतीला उभे करायची आणि तिथेच तिचं अंथरूण पडायचं. कोपऱ्यात देव, दोरीवर लुगडी, फडताळात मसाल्याचे डबे. रत्नागिरीकडून लग्न होऊन ती त्याच खोलीत आली. आतोबा घाटावर उपाध्यांच्या हाताखाली काम करायचे, ते लवकर गेले, तेही त्याच खोलीत. मूलबाळ नव्हतं. जेवण घालायला सुरुवात केली ती त्यानंतर, कारण स्वयंपाक येत होता आणि दुसरं काही येत नव्हतं. असं ती म्हणायची. माणसाला घायाळ करणंही येत होतं, पण त्याची पाटी लावता येत नाही.

मी अकोल्याची. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेले तर तिने माझ्यापुढे तांदळाचं सूप सरकवलं आणि म्हणाली, "अकोल्याची ना? तिकडे म्हणे माणसं उन्हाळ्यात वाळवणासारखी गच्चीवर पडतात. तरीच रंग असा." मी तांदूळ निवडले. दुसऱ्या वेळी मी केलेलं वरण तिने पळीने वर उचललं, खाली सोडलं, पुन्हा उचललं. "अन्त्या, हे वरण आहे की श्रावणातली गंगा?" अनंत हसला. अनंत अशा वेळी हसतो, ही त्याची सवय आहे. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा आत्या आमच्याकडे आली होती. मी स्वयंपाकघरात रडत होते. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "रडून झालं की ऊठ. गाडीत जागा मिळायची आहे, शाळेत चिठ्ठी द्यायची आहे. तुझ्या आईला आता काही लागत नाही, बाकी सगळ्यांना लागतं." मला तेव्हा तिचा जितका संताप आला तितका कुणाचाच आला नाही. पण मी उठले, आणि पहिली यादी केली ती त्या दिवशी, हेही खरं आहे.

काशीतल्या मराठी घरांत आता मराठी ही चुलीजवळची भाषा झाली आहे. अनंत इथेच जन्मला, त्याला रागावायचं असलं की हिंदी येते. आमच्या मुलीला मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते. "हिला मराठी येत नाही, हिंदी धड नाही, ही बाळंतपणात ओरडणार कुठल्या भाषेत?" हे आत्याचं तिच्याबद्दलचं मत. आत्याची स्वतःची हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी ‘है’ लावलेलं. भाजीवाल्याला म्हणायची, "ये वांगी किडकी है, तेरे घर को ले जा." गल्लीत अर्धी घरं मराठी आणि उरलेल्यांचे कान सरावलेले, त्यामुळे तिचं कधी अडलं नाही. आपलं अडत नाही म्हणजे आपलं बरोबर आहे, अशी तिची समजूत झाली होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. कुणाचं काय जाणार याची मोजणी करायला एक सर्वेवाला गल्लीत आला. तो आत्याच्या दाराशी आला तेव्हा पंगत बसलेली होती. तिने त्याला कसा सरळ केला हे ती संध्याकाळी आमच्याकडे येऊन फुशारकीने सांगत होती.

"मला विचारतो, माताजी, ये क्या है? म्हटलं, डोळे आहेत ना? मेरी खोली है! म्हणतो, कब से? म्हटलं, खूप साल से. मेरे यजमान गए तब से अकेली चलाती हूँ. तर विचारतो, यजमान यहीं रुकते थे? म्हटलं, रुकते मतलब? यहीं रहते थे, यहीं खाते थे, यहीं मरे! तेव्हा कुठे गप्प झाला मेला."

अनंत इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. तिच्या ‘चलाती हूँ’चा अर्थ संसार चालवते असा होता, हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. पण त्या सर्वेवाल्याला कोण सांगणार? त्याने पाहिली ती पंगत, वाचली ती पाटी आणि ऐकलं ते हे. हिंदीत ‘खोली’ म्हणजे ‘उघडली’. दुकान तिथे स्त्रीलिंगी. मेरी खोली है, म्हणजे हे दुकान मी उघडलेलं आहे. आणि आपण नवऱ्याला यजमान म्हणतो, तर काशीत यजमान म्हणजे उपाध्याकडे येणारं गिऱ्हाईक. यजमान इथेच उतरायचे, इथेच जेवायचे, एखादा मेलाही इथेच. त्याने काय लिहायचं ते लिहिलं. फोटो काढला. आत्या पदर सारखा करून पाटीखाली उभी राहिली होती.

गल्लीतल्या ज्यांची घरं गेली त्यांना सांगण्यात आलं, घरं मिळतील, थांबा. आत्याला मात्र फार थांबावं लागलं नाही. तिला शहराबाहेर, रिंगरोडच्या अलीकडे, बांधून तयार असलेल्या संकुलात एक गाळा मिळाला. अनंत म्हणाला, आत्या, हे दुकान दिलंय तुला, अर्ज कर, दुरुस्त करून घे. ती म्हणाली, "बाकीच्यांना घर मिळणार म्हणे. कधी? त्यांच्या तेराव्याला? मला किल्ली मिळाली आहे. हातातली किल्ली टाकून कागदाच्या मागे धावू? खोलीच आहे ती, दार तेवढं विचित्र आहे."

त्याच्या आधी काही महिने ती आमच्या सिगरा भागातल्या फ्लॅटमध्ये राहिली. ते महिने मी थोडक्यात उरकते. ती माझे डबे पुन्हा लावायची, मी ते पुन्हा त्यांच्या जागी ठेवायचे. ती म्हणायची, "तुझ्या घरात मला ताट मिळतं गं, चूल मिळत नाही. ताट कुत्र्यालाही मिळतं." मी एकदा म्हटलं, कुत्रं भुंकतं तरी कमी. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारून सांगितलं, "ते भुंकण्याचं चांगलं होतं." बहुतेक ती एकच वेळ तिने मला दाद दिली. मग किल्ली आली आणि ती गेली.

ते संकुल म्हणजे मोकळ्या मैदानाभोवती गाळ्यांच्या रांगा. शहराच्या मोठ्या नकाशात तो सगळा तुकडा निळा आहे. निळा म्हणजे व्यापार, घरांचा रंग पिवळा. तिथे मोठा बाजार होणार होता, पण आसपास माणसंच राहत नव्हती, तर घेणार कोण? निम्मे गाळे बंद. उघडे होते त्यांत मुन्नाचा एक आणि त्याला लागून आत्याचा. दिवसा ती जुनीच पाटी लावून ट्रकवाल्यांना, गवंड्यांना जेवू घालायची आणि रात्री तिथेच निजायची. शटरला आतून कडी नसते, दुकानाला आतून बंद करायची गरज कुणाला? आत्या जुन्या लुगड्याच्या काठाने शटरची मूठ आपल्या ट्रंकेला बांधायची. संडास रांगेच्या टोकाला, त्याला रखवालदार संध्याकाळी कुलूप घालायचा. त्यानंतर ती पाणी प्यायची नाही.

दुकानात राहायला मनाई होती. तपासणीला एक माणूस अधूनमधून यायचा.

"माताजी, यहाँ रहना मना है."

"रहती कौन है? मैं तो बैठी हूँ."

"रात को?"

"रात को भी बैठती हूँ. इस उमर में नींद किधर आती है?"

मुन्ना हे सगळ्यांना करून दाखवायचा. तो तिला अम्मा म्हणायचा, ती त्याला मुन्न्या गाढवा म्हणायची. तिच्याकडे जेवून तो तिला तिच्याच तोंडावर म्हणायचा, "अम्मा, नमक आज आपकी ज़बान से गिर गया क्या दाल में?" त्यावर ती पळी उगारायची. एवढ्या मोकळ्या, उजाड जागेत तिला तिच्या तोडीचं कुणीतरी मिळालं होतं.

अशात शहराने विचार सुरू केला की बाजार चालत नाही तर इथे घरं बांधावीत. निळ्याचा पिवळा करावा. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या गावातलंही असंच असतं. मधल्या मैदानावर इमारती, गाळ्यांच्या रांगा पाडून तिथून रस्ता. आत्या पहिल्यांदाच मला आपणहून फोन करून बोलली. आवाजात चक्क उत्साह होता. "शैले, इथे घरं होणार. म्हणजे निजायला मनाई नाही. मला तळमजला हवा. दोन खोल्या नकोत, एकच पुरे, पण दाराला आतून कडी पाहिजे. लिही तुझ्या त्या यादीत." मी लिहिलं.

लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली होती. मी रजा घेतली, तिला इरकली नेसवून नेलं. मुन्ना आणि बाकीचे दुकानदार आमच्या मागे बसले होते. मंचावरचे अधिकारी सभ्य होते, सगळ्यांना माताजी, भाईसाहब म्हणत होते. त्यांनी नियम सांगितला तो सोपा होता. ज्यांचं घर गेलं त्यांना घर, ज्यांचं दुकान गेलं त्यांना दुकान. आत्या उठली आणि म्हणाली, मेरा घर गया है. अधिकाऱ्यांनी तिचं नाव शोधलं, वाचलं आणि मान हलवली.

"माताजी, आपका तो भोजनालय था. फोटो भी है, बोर्ड के नीचे आप ही खड़ी हैं. और सर्वे में आपका बयान है, मेरी खोली है."

"वही तो बोलती हूँ. मेरी खोली है!"

"हाँ, तो आपने खोली थी. दुकान."

"दुकान नहीं. खोली! खोली मतलब कमरा!"

"खोली मतलब कमरा कब से हो गया, माताजी? ये बंबई थोड़े ही है."

सगळा हॉल हसला. मुन्नाही हसला, मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्याचे दात दिसत होते. मी उठून सांगायला लागले की मराठीत खोली म्हणजे कमरा आणि यजमान म्हणजे पती, पण ‘यजमान म्हणजे पती’ला पुन्हा हशा झाला आणि माझं पुढचं कुणी ऐकलं नाही. आत्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, आता कुणाचं तरी नाक कापलं जाणार. ती म्हणाली, "हँसो. तुम्हारी माँ ने भी तुमको किसी खोली में ही जना होगा." मराठीत हे असं बसलं असतं की सभा उठली असती. पण तिथे त्याचा अर्थच लागला नाही. कुणीतरी विचारलं, "किसमें जना?" आणि लोक आणखी हसले. तिचा टोमणा असा खाली पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ती बसली. बसताना तिने माझ्या हाताचा आधार घेतला, तोही पहिल्यांदाच.

बाहेर पडताना त्याच अधिकाऱ्यांनी तिला बाजूला घेऊन सल्ला दिला. माणूस मनाने वाईट नव्हता. म्हणाला, माताजी, तुम्ही राहता हे दाखवायचं तर खाना बेचना बंद करा. जिथे विक्री चालते त्याला आम्ही घर कसं म्हणणार? आणि तिच्या कार्डावरचा जुना पत्ता? मी विचारलं. ते म्हणाले, त्या पत्त्यावर पूर्ण इमारत होती, मॅडम, पत्ता दुकानाचाही असतो.

आत्याने दुसऱ्या दिवशी मुन्नाकडून पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, मागून घेतला आणि पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. जेवायला आलेल्या ट्रकवाल्यांना परत पाठवलं. "ये घर है. घर में कोई पैसे देके खाता है क्या?" मुन्ना म्हणाला, "तो हम बिना पैसे के खा लेंगे, अम्मा." ती म्हणाली, "तुझा बाप जेवला होता का फुकट?" आणि त्याच्याकडे पाठ केली. सभेतलं हसू ती विसरली नव्हती. मुन्ना घरून डबा आणायला लागला आणि तिच्या गाळ्यापुढे पाठमोरा बसून खायला लागला. आयुष्यभर शेकड्यांनी माणसांना वाढलेली बाई एका माणसाचा भात शिजवायला बसली. तिला एका माणसाचं माप येत नव्हतं. उरायचं, ते ती संध्याकाळी खायची, मग सकाळी. मग शिजवणंच कमी झालं.

काही महिन्यांनी तिला नोटीस आली की दुकान बंद आहे, चालू केलं नाही तर वाटप रद्द होईल. ती घेऊन मी कार्यालयात गेले. समोरच्या बाबूला दोन्ही गोष्टी क्रमाने समजावल्या: तुमच्या साहेबांनी सांगितलं बंद करा म्हणजे घर मिळेल, ही नोटीस सांगते उघडा नाहीतर जागा जाईल. त्याने शांतपणे ऐकलं. "मैडम, दोनों नियम अपनी जगह सही हैं." मग तिने कुठला पाळायचा? "ये तो उनको तय करना है."

मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "दुकान म्हणून उघडं पाहिजे, घर म्हणून बंद पाहिजे. ठीक आहे." आणि त्या दिवसापासून तिने शटर अर्धं खाली ओढून ठेवलं. भेटायला गेलेल्याला कमरेत वाकून आत जावं लागायचं. आत ती अंधारात पाटावर बसलेली. "ये, वाक. जरा जास्त वाक, एरवी वाकत नाहीस."

थंडीत तिचा खोकला वाढला. छातीतून आवाज यायला लागला. काशीची थंडी गाळ्याच्या सिमेंटमधून वर येते. मी गाडी घेऊन गेले, पिशवी भरायला लागले, तर तिने माझ्या हातातून लुगडं ओढून घेतलं. "तुझ्या घरी येऊन राहिले तर तिकडे लिहितील, हिला घर होतं, ही दुकानात उगाच बसली होती. आणि तुझ्याकडे मेले तर काय, सगळंच संपलं. इथे राहू दे." मी म्हटलं, आत्या, औषधं तरी घ्या. "घेते. ठेव तिथे. आणि कागद लाव त्यावर, कुठली कधी. तुला बरं वाटेल." मी कागद लावला. औषधं तिने घेतली होती. नंतर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या.

…मुन्नाने आणि आणखी तिघांनी मिळून बाहेरून शटर उचललं. लुगड्याचा काठ जुना होता, ताणल्यावर तुटला. आम्ही पोचलो तेव्हा ती अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून होती. जागा दुकानाची असल्यामुळे पोलीस आला. त्याने विचारलं, ये दुकान में इस वक्त क्या कर रही थीं? मुन्ना घाईघाईने म्हणाला, "सुबह-सुबह दुकान खोलने आई थीं, साहब." त्याच्यावर बाकीच्या दुकानदारांची नजर होती, त्यांच्यातलेही दोघं-तिघं गाळ्यातच निजतात. पोलिसाने आत पाहिलं. अंथरूण, देव, दोरीवरचं ओलं लुगडं, वाटीत भिजत घातलेली मटकी. "दुकान खोलने?" तो म्हणाला, आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. मृतक यहीं रहती थीं. एवढंच वाक्य एखाद्या कार्यालयातल्या माणसाने लिहावं म्हणून ती थंडीत पडून राहिली होती. त्या पोलिसाला ते लिहायला जेमतेम एक ओळ लागली.

मणिकर्णिकेवर सगळं पार पडलं. दिवस झाल्यावर मी त्या पंचनाम्याची प्रत घेऊन कार्यालयात गेले. कशासाठी, असं अनंतने विचारलं. काम अर्धवट होतं म्हणून. सभेतले तेच अधिकारी होते. त्यांनी प्रत नीट वाचली, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "अब तो स्पष्ट है. आवासीय." त्यांनी खरोखर दुरुस्ती केली. आत्याच्या नावापुढचं दुकान खोडून घर लिहिलं, सही केली. मग विचारलं, त्यांच्यासोबत राहणारं कुणी? मी म्हटलं, कुणी नाही. "तो फिर नाम हट जाएगा, मैडम." आणि त्याच पेनाने नाव खोडलं. मी आभार मानले. जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही. शहर विचार करतं आहे.

गाळा मोकळा करून द्यायचा होता. तिच्या वस्तूंची वाटणी मी लावली: भांडी दूधविनायकाच्या देवळाला, पाट आमच्याकडे, ट्रंक मुन्नाला. एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत बसत नव्हती. शटरच्या दाराला उंबरठा नसतो, पत्रा येऊन सपाट फरशीला टेकतो. आत्याला ते सहन होत नव्हतं. राहायला गेल्यापासून ती रोज सकाळी त्या जागी गेरूचा हातभर लांब, चार बोटं रुंद पट्टा ओढायची आणि त्यावर पांढऱ्या रांगोळीची दोन पावलं. कुणाचा पाय पडला की शिव्यांचा भडिमार. ट्रकवाले, गवंडी, तपासणीचा माणूस, सगळे तिथे आल्यावर घोड्यासारखा पाय उचलायचे. जागा स्वच्छ करून द्यावी असं पत्रात लिहिलं होतं, म्हणून मी तो पट्टा घासून काढला. तार आणि साबणाने निघाला. सिमेंट आधीसारखं राखाडी झालं.

मुन्ना ट्रंक न्यायला आला. आत शिरताना त्याने पाय गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे टाकला, ट्रंक डोक्यावर घेऊन निघाला तेव्हाही तसाच. त्याच्या ते लक्षात आलं नाही. तेवढ्यात कार्यालयातून ताबा घ्यायला साहेब आले, हातात टेप आणि मागे शिपाई. ते मोबाईलवर बोलत सरळ आत यायला लागले, आणि मुन्ना बाहेरून, डोक्यावर ट्रंक तशीच धरून, जिवाच्या आकांताने ओरडला, "ए साहब, पैर उठा के!"

साहेबांनी पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून, खाली काय आहे ते बघत उभे राहिले.